टोक न केलेल्या शिसपेन्सिली

सोलापुरातील एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र या सदराकडे आले आहे. पत्र मोठे आहे. त्यातील मुख्य भाग असा :

"मी चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. पहिलीच्या वर्गात रोज सकाळी मुलांच्या पेन्सिलींना ब्लेडने टोक करून देणे हे माझे पहिले काम असे, आणि त्या लाकडाचा वास मला आजही आवडतो. निवृत्तीनंतर पेन्शनच्या फरकाची रक्कम हाती आली, तेव्हा भाच्याकरवी ब्लॅकविंगचा बारा पेन्सिलींचा एक डबा मागवला आणि तेव्हापासून हा नादच लागला. आज माझ्याकडे लिमिटेड एडिशनचे सात डबे, फेबर-कास्टेलची टोपणाची पेन्सिल आणि सहा फाउंटन पेने आहेत. एकाही पेन्सिलीला मी टोक केलेले नाही, कारण टोक केले की किंमत जाते, असे सगळे सांगतात. मुलाला यातले काहीच ठाऊक नाही. सारे काही ट्रंकेत चादरींच्या खाली आहे. परवा ट्रंक उघडली, तर काही पेन्सिलींचे खोडरबर दगडासारखे झालेले, एका पेनातली शाई वाळून बसलेली आणि पेन्सिलींना बांधलेला रबरबँड रंगाला चिकटलेला. आता एक विक्रेता जुनी, बंद पडलेली मूळ ब्लॅकविंग ६०२ सहा हजार रुपयांना देतो म्हणतो आणि गुरुवारपर्यंत कळवा, असा आग्रह धरतो आहे. या वयात मी हे करते, ते चूक आहे का? या वस्तू सांभाळाव्यात कशा? आणि माझ्यामागे यांचे काय होणार?"

आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. यात काहीही चूक नाही. घरखर्च, औषधपाणी आणि अडीअडचणीची रक्कम बाजूला ठेवून, स्वतःच्या हक्काच्या पेन्शनमधून आपण या वस्तू घेता, त्यासाठी कोणाकडून उसने आणत नाही, असे आपण पत्रात अन्यत्र लिहिलेच आहे. याच पैशांच्या पाटल्या केल्या असत्या, तर कोणी आपल्याला वय विचारले नसते. शिवाय उंची शिसपेन्सिल ही आजकालची टूमही नाही. १८८९ साली हार्टमुट या कंपनीने एक महागडी पेन्सिल बाजारात आणली, तिला पिवळा रंग दिला, ती शिशाच्या मऊ-कठीणपणाच्या सतरा प्रतींत उपलब्ध केली आणि तिचे नाव ठेवले 'कोह-इ-नूर'. गोवळकोंड्याकडच्या हिऱ्याचे नाव युरोपातल्या पेन्सिलीला मिळाले, आणि पिवळी पेन्सिल म्हणजे चांगली पेन्सिल ही समजूत पुढे जगभर पसरली. आपल्या वर्गात ज्या पिवळ्या पेन्सिलींना आपण टोक केले असेल, त्यांच्या रंगामागे ही अशी एका चैनीच्या वस्तूची नक्कल आहे.

मला अस्वस्थ केले ते आपल्या पत्रातल्या दुसऱ्याच दोन वाक्यांनी. एकाही पेन्सिलीला टोक केलेले नाही, आणि मुलाला ठाऊक नाही. या दोन्हींविषयी मला सविस्तर लिहायचे आहे.

टोक केल्यावर किंमत उतरते, हे खरे आहे. कोरी पेन्सिल आणि वापरलेली पेन्सिल यांचा बाजारातला भाव एक नसतो, आणि ते मी आपल्यापासून लपवणार नाही. पण मुळात कोणती पेन्सिल पुढे दुर्मीळ होते, हे पाहिले पाहिजे. आपल्याला आज जी विकत घ्यावीशी वाटते आहे, त्या मूळ ब्लॅकविंग ६०२ चेच उदाहरण घ्या. एबरहार्ड फेबर या अमेरिकी कंपनीने ती १९३४ साली काढली. 'निम्मा दाब, दुप्पट वेग' अशा अर्थाचे वाक्य तिच्या अंगावर छापलेले असे. तिच्या शेवटाला गोल कडीऐवजी चपटी पितळी पट्टी आणि त्यात सरकवून बसवायचे चपटे खोडरबर होते. ते खोडरबर पकडून ठेवणारी छोटी चिमटी बनवणारे यंत्र बिघडले, ते दुरुस्त झाले नाही, आधी बनवून ठेवलेल्या चिमट्यांचा साठा संपला आणि १९९८ साली पेन्सिलच बंद झाली. त्यानंतर लोक एकेका पेन्सिलीला चाळीस डॉलरपर्यंत देऊ लागले. का? कारण चौसष्ट वर्षांत निघालेल्या पेन्सिलींपैकी बहुतेक लोकांनी लिहून संपवल्या होत्या. कोणीही ती ट्रंकेत ठेवायला घेतली नव्हती. ती दुर्मीळ झाली, ती झिजल्यामुळे.

आता आपल्याकडच्या डब्यांकडे पाहा. पालोमिनो या नावाने ब्लॅकविंग २०१० मध्ये पुन्हा सुरू झाली आणि २०१५ पासून दर तिमाहीला 'व्हॉल्यूम' म्हणून एक वेगळी आवृत्ती निघू लागली. पहिली होती व्हॉल्यूम ७२५. अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या संगीत महोत्सवात बॉब डिलन या गायकाने विजेची गिटार वाजवली, त्या २५ जुलै १९६५ या दिवसाची ती आठवण, म्हणून गिटारीवर असतो तसा मधे उजळ, कडेला गडद असा रंग तिला दिला होता. कल्पना सुंदर आहे, पेन्सिलही उत्तम आहे. पण ती घेणाऱ्या असंख्य लोकांनी आपल्यासारखाच विचार केला आणि डबे जसेच्या तसे जपून ठेवले. जी वस्तू सर्वांनी जपली, ती वीस वर्षांनंतरही सर्वांकडे असणार. एखाद्या आवृत्तीचा भाव वाढतो, हे नाकारता येणार नाही. तरीही सात न वापरलेले डबे म्हणजे सात मुदत ठेवी, असा हिशेब कृपया मनात धरू नका. ज्याला गुंतवणूक करायची आहे, त्याने पोस्टात पैसे ठेवावेत. पेन्सिल घ्यावी ती पेन्सिल हवी म्हणून.

आणि खुद्द बनवणाऱ्यांचे मत काय आहे, तेही पाहण्यासारखे आहे. या आवृत्त्यांच्या वर्गणीदाराला बारा पेन्सिलींच्या डब्यासोबत नळीत घातलेली एक सुटी पेन्सिल वेगळी मिळते. बारा लिहायला आणि एक ठेवायला. फेबर-कास्टेलच्या आपल्या टोपणवाल्या पेन्सिलीचे तर सगळे मर्मच झिजण्यात आहे. १९९३ साली काउंट आंतोन वोल्फगांग फॉन फेबर-कास्टेल यांनी ही 'परफेक्ट पेन्सिल' आणली. तिच्या धातूच्या टोपणात टोकयंत्र आहे, ज्याला आपण लहानपणी गिरमिट म्हणत असू. पेन्सिल आखूड झाली की तेच टोपण मागच्या बाजूला लावून तिची लांबी वाढवता येते, आणि लाकडी पेन्सिल संपली की तेवढीच नवी बसवता येते. ती आखूड झालीच नाही, तर त्या टोपणातली अर्धी बुद्धी वापराविना पडून राहते. याच कंपनीने २४० वर्षे पूर्ण झाली, तेव्हा पांढरे सोने आणि तीन हिरे जडवलेल्या केवळ ९९ पेन्सिली काढल्या होत्या. त्या कोणी टोक न करता ठेवल्या असतील, तर मी समजू शकतो. आपली पेन्सिल त्या जातीची नाही, आणि हे मी तिच्या बाजूने बोलतो आहे.

म्हणून माझा सल्ला असा. सातपैकी जो डबा आपल्याला सर्वांत आवडतो, तो आधी उघडा. दर डब्यातली एक पेन्सिल कोरी ठेवा, उरलेल्या अकरा वापरात आणा. घाई नाही, एका वर्षात एक डबा उघडला, तरी पुरे. टोक करायला महागडे यंत्र घेऊ नका. आपल्या हाताला चौतीस वर्षांची सवय आहे. नवे ब्लेड घ्या; षट्कोनी पेन्सिलीच्या सहा कडा आधी एकेक करून उतरवा, डाव्या अंगठ्याने ब्लेडच्या पाठीला हलके रेटत लाकूड लांब आणि निमुळते तासा, आणि शिसे उघडे पडले की ब्लेड उभे धरून ते फक्त खरवडा. ब्लॅकविंगचे शिसे बहुधा मऊ असते, यंत्रात ते पुष्कळ वाया जाते. ब्लेडने केलेले लांब टोक मात्र दीड-दोन पाने सहज चालते. लाकूड कॅलिफोर्नियातल्या इन्सेन्स सीडरचे असते, आणि त्याचा वास तासल्याशिवाय येत नाही. ज्या वासासाठी हा नाद लागला, तोच आपण इतकी वर्षे डब्यात बंद करून ठेवला आहे.

लिमिटेड एडिशन या शब्दाविषयीही थोडे सांगतो, कारण पुढच्या खरेदीत ते उपयोगी पडेल. काही वस्तूंवर अनुक्रमांक कोरलेला असतो आणि एकूण किती नग केले, हे कंपनीने जाहीर केलेले असते. मोंब्लां या पेनांच्या कंपनीची कलाश्रयदात्यांच्या नावाची मालिका १९९२ पासून ४८१० नगांची निघते, आणि तो आकडा आल्प्समधल्या मोंब्लां शिखराच्या मीटरमधल्या उंचीचा आहे. याउलट लामीच्या सफारी पेनाचे दरवर्षी येणारे नवे रंग हे स्पेशल एडिशन असते. तो रंग काही काळ बनतो, मग थांबतो, नगांचा आकडा कोठेही नसतो. ब्लॅकविंगच्या डब्यावरही तसा आकडा आढळत नाही. विक्रेते तिन्हींना एकच नाव देतात आणि भावही तसाच लावू पाहतात. शिवाय आकडा असला, म्हणजे सर्व आले, असेही नाही. २००९ साली मोंब्लांने महात्मा गांधींच्या नावाने सोन्याची २४१ पेने काढली, कारण दांडीयात्रा २४१ मैलांची होती. एकेकाची किंमत अकरा लाखांवर होती. पुष्कळ टीका झाली, प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेले आणि भारतातली विक्री थांबवावी लागली. १९३० साली याच यात्रेनंतर गांधीजींना अटक झाली आणि त्यातून आपले सोलापूर पेटून उठले. त्या उठावापायी फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून रोज जाणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या पेनाविषयी काय वाटले असेल, हे मी सांगायला नको. संख्या अचूक होती, पण ती ज्या माणसाशी जोडली होती, त्याच्याशी वस्तूचा मेळ नव्हता. आपण घेताना हा मेळ जरूर पाहा.

आता सांभाळण्याविषयी. इथे मी थोडा कडक होणार आहे, कारण आपल्या हवेत या वस्तूंचे खरे वैर उन्हाळ्याशी आहे. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि लोखंडी ट्रंक पत्र्याच्या छपराखाली असेल, तर तिच्यात तो त्याहूनही चढतो. मी हे अनुभवाने सांगतो. माझ्या वडिलांचे सेल्युलॉइडचे एक हिरवे पट्टेदार पेन मी वरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, लोकरीच्या कपड्यांसोबत, डांबरगोळ्या टाकून ठेवले होते. दोन उन्हाळ्यांनंतर काढले, तेव्हा टोपण फिरेना. अंग बोटांना चिकटत होते, पट्टे एकमेकांत उतरले होते, आणि जोर लावल्यावर टोपणाला जी चीर गेली, तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे. दोष सर्वस्वी माझा होता. सेल्युलॉइडला उष्णता सोसत नाही आणि डांबरगोळ्यांची वाफ कित्येक प्लास्टिकांना मऊ करते, हे तेव्हा मला माहीत नव्हते. आपल्या ट्रंकेत चादरींसाठी डांबरगोळ्या असतीलच. पत्र वाचून होताच पेने आणि पेन्सिली तिथून बाहेर काढा.

त्या ठेवायच्या कोठे? आपले घर जुने, माळवदाचे आहे, असे आपण लिहिले आहे. मग याहून चांगली जागा नाही. आतल्या खोलीतल्या, ऊन न पोचणाऱ्या भिंतीच्या कोनाड्यात किंवा तिथल्या लाकडी कपाटाच्या मधल्या खणात ठेवा. जाड भिंतींमुळे तिथले तापमान दिवसभर फारसे हलत नाही, आणि या वस्तूंना सारखे वरखाली होणारे तापमानच जास्त बाधते. पेन्सिल म्हणजे खाचा पाडलेल्या दोन लाकडी पट्ट्या शिसे मधे धरून एकमेकींना चिकटवलेल्या असतात, हे लक्षात घेतले की कारण आपोआप समजते. त्याच कारणाने पेन्सिल फरशीवर पडू देऊ नका. वरून काही दिसत नाही, पण आतले शिसे जागोजाग तुटते आणि पुढे प्रत्येक टोक गळून पडते.

रबरबँड पुन्हा वापरू नका. उन्हाळ्यात रबर मऊ, चिकट होते आणि रंगावर कायमचा पट्टा उमटवते. चिकटलेला भाग नखाने ओढू नका, रंगासकट निघेल. मऊ सुती कापडाने हलक्या हाताने, थोडा थोडा करून काढा, आणि जे निघत नाही, ते राहू द्या. गठ्ठा बांधायचाच असेल, तर सुती नाडी पुरते, आणि सोलापुरात सुताला काय तोटा! सुटे पांढरे प्लास्टिकचे खोडरबरही पेन्सिलींना टेकून ठेवू नका. त्यातल्या मऊपणाच्या द्रव्याने रंग विरघळतो. ब्लॅकविंगचे कडक झालेले खोडरबर हा मोठा प्रश्न नाही. चिमटी ओढून ते बाहेर काढता येते आणि नवे बसवता येते. जुने फेकू नका, त्या आवृत्तीचा मूळ रंग म्हणून डब्यातच ठेवा.

पेनांसाठी नियम वेगळा आहे. जे पेन आठवडाभर वापरणार नाही, त्यात शाई ठेवू नका. आपल्या कोरड्या हवेत पाणी उडते आणि शाई निबेच्या खालच्या वाहिनीत दाट होऊन बसते. वाळलेल्या पेनाचा निबेकडचा भाग गार पाण्यात रात्रभर ठेवा आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा भरून काढा. नळाच्या क्षाराच्या पाण्याऐवजी गाळणयंत्राचे पाणी घ्या. कढत पाणी कधीही नको, विशेषतः आपल्याकडच्या, आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या एबोनाइट (गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या) पेनाला. त्याचा काळा रंग तपकिरी-हिरवट पडतो, आणि उन्हातही तेच होते. एबोनाइटमधल्या गंधकाने चांदी काळवंडते, म्हणून ते पेन चांदीच्या क्लिपच्या पेनाशेजारी ठेवू नका. शाई साधी, पाण्यात विरघळणारी वापरा. दांडेकरांच्या कॅम्लिनने १९३१ पासून शाई करायला घेतली, आणि माझ्या मते रोजच्या लिखाणाला तशी साधी शाई महागड्या, चमकीच्या शाईपेक्षा पेनाला अधिक मानवते.

मुलाविषयी लिहायला मी मुद्दाम उशीर केला. आपल्यामागे यांचे काय होईल, हे आपण मला विचारता. ज्याला विचारायला हवे, त्याला मात्र या वस्तू आहेत, हेच ठाऊक नाही. उद्या ट्रंक त्याने एकट्याने उघडली, तर त्याला चादरींखाली काही पेन्सिली सापडतील, आणि त्या तो कोणत्या तरी शाळेला वाटून टाकील किंवा रद्दीत घालील. त्यात त्याचा दोष नसेल. आपण चौतीस वर्षे हजेरीपट लिहिला आहे. तशीच एक वही या वस्तूंची करा. एका वस्तूला एक ओळ : नाव, आवृत्ती, अनुक्रमांक असल्यास तो, कोठून घेतली, केव्हा, किती रुपयांना, बिल कोठे आहे; आणि शेवटच्या रकान्यात ती का घेतली. हा शेवटचा रकाना कंटाळा न करता भरा. कोणती वस्तू विकावी, कोणती नातीला द्यावी, कोणती कोणालाच देऊ नये, हे त्याला त्यातूनच कळेल. वही पेन्सिलीनेच लिहा. शिशाची अक्षरे ओल लागली, तरी फुटत नाहीत आणि उजेडाने उडत नाहीत. निम्मी वही भरली की एका रविवारी ती त्याच्यापुढे ठेवा, आणि वस्तूही ठेवा. किंमत त्याने विचारली, तर खरी सांगा. तो रागावेल, अशी आपल्याला भीती आहे. रागावलाच, तर तो पैशांपेक्षा लपवल्याबद्दल रागावेल, आणि प्रत्येक नव्या डब्यासोबत ते लपवणे वाढत जाते, म्हणून हे याच महिन्यात करावे.

राहता राहिला गुरुवारचा विक्रेता. त्याला आजच कळवा की पेन्सिलीची चारही बाजूंनी, दिवसाउजेडी काढलेली छायाचित्रे हवीत : एक अंगावरच्या अक्षरांचे, एक पितळी पट्टीचे, एक खोडरबराचे जवळून आणि एक न तासलेल्या टोकाचे. अंगावर 'पालोमिनो' असेल, तर ती २०१० नंतरची नवी पेन्सिल आहे आणि तिला सहा हजार देण्याचे काही कारण नाही. मूळ पेन्सिलीचे खोडरबर आता किमान पंचवीस वर्षांचे असणार; ते मऊ आणि टवटवीत दिसत असेल, तर बदललेले आहे, आणि तसे त्याने स्वतःहून सांगायला हवे होते. सोलापुरी चादर घेताना आपण नुसत्या लेबलावर जात नाही. उलटी करून विणीची मागची बाजू पाहतो, काठ बोटांत धरतो. इथेही तेवढाच वेळ घ्या. अशा वस्तूसाठी प्रामाणिक विक्रेता चार दिवस थांबतो. छायाचित्रे आली नाहीत किंवा गुरुवारचाच आग्रह राहिला, तर हा व्यवहार सोडून द्या. छायाचित्रे आली, तर ती या सदराकडे पाठवा, मी पाहून कळवीन; तोपर्यंत आगाऊ म्हणून एक रुपयाही देऊ नका.